पळसदरीचा चढ आणि अपूर्णांकाचा गुणाकार

पळसदरीहून खोपोलीचा फाटा एका बाजूस निघून जातो आणि मुख्य लोहमार्ग भोर घाटाची वाट धरतो. 1863 साली वाहतुकीस खुल्या झालेल्या या घाटमार्गाचा तीव्रतम चढ 37 ला 1 असल्यामुळे, तिथे 740 मीटर अंतर कापणारी गाडी 740 गुणिले 1/37, म्हणजे तब्बल 20 मीटर उंची चढते. ज्यांना हा आकडा किरकोळ वाटेल त्यांनी कर्जतला गाडीच्या मागे जोडली जाणारी इंजिने एकदा अवश्य पाहावीत!

अंश एकाहून मोठा असला तरी रीत तीच. एका एकराचे 40 गुंठे, त्यांत खातेदाराचा हिस्सा 6 आणे, म्हणजे 6/16. तेव्हा 40 ला 6 ने गुणून आलेल्या 240 ला 16 ने भागले की 15 गुंठे पदरात पडतात. परंतु मुरलेला कारकून आधी 6/16 चे 3/8 करील, 40 चा अष्टमांश 5 काढील आणि त्याची तिप्पट करून मोकळा होईल. विद्यार्थी मात्र पुष्कळदा 40 ने अंश व छेद दोहोंसही गुणतात, आणि मग हिस्सा होता तेवढाच राहतो.

आपल्या पूर्वजांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी इत्यादी पाढेच रचून ही यातायात वाचवली होती. त्यांतली माझी विशेष आवडती औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा: आठाची तिप्पट 24, आठाचे निम्मे 4, एकूण 28.