अँडीजच्या माथ्यावरील सोने-चांदी

खाण हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे पाताळात उतरत जाणारे विवर उभे राहते. कर्नाटकातील कोलारची सोन्याची खाण तशीच होती. इ. स. २००१ मध्ये ती बंद झाली, तेव्हा तिची खोली तीन किलोमीटरांहून अधिक झालेली होती. परंतु पृथ्वीच्या पाठीवर काही ठिकाणी सोन्यासाठी खाली उतरावयाचे नसते, वर चढावयाचे असते. दक्षिण अमेरिकेत चिली आणि अर्जेंटिना या दोन देशांच्या सीमेवर, अँडीज पर्वताच्या ऐन माथ्यावर, पास्कुआ-लामा नावाचे असे एक खनिजक्षेत्र आहे. ते समुद्रसपाटीपासून ३८०० ते ५२०० मीटर उंचीवर पसरलेले आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर जे कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. अशी तीन शिखरे एकावर एक रचली तरी या क्षेत्राचा वरचा काठ त्यांच्याही वरच राहील.

इतक्या उंचीवर सोने आले कोठून? दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली प्रशांत महासागराच्या तळाचा कठीण थर सावकाश सरकत आत शिरत आहे. या घडामोडीत खोलवरचा खडक वितळतो, ज्वालामुखी निर्माण होतात आणि पर्वतही उंचावत जातो. वितळलेल्या खडकापासून सुटलेली, गंधकयुक्त व अत्यंत आम्ल अशी उष्ण द्रव्ये भेगांतून वर चढतात. त्यांच्यात धातू विरघळलेले असतात. भूपृष्ठाजवळ येताच दाब व उष्णता कमी होते आणि धातू भेगांतून व खडकाच्या छिद्रांतून साचून राहतात. पास्कुआ येथील खनिजे अशा रीतीने सुमारे ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांपूर्वी साचली. भूगर्भशास्त्राच्या मोजमापाने हा काळ अगदी अलीकडचा होय. म्हणूनच ऊन, वारा व बर्फ यांना तो खडक झिजवून नाहीसा करण्यास पुरेसा अवधी मिळालेला नाही.

या क्षेत्रातील साठा सुमारे ५५० टन सोने व सुमारे २१,००० टन चांदी इतका मोजण्यात आला. आकडा ऐकून मन चकित होते. पण हे सोने चकाकणाऱ्या गोळ्यांच्या रूपाने आढळत नाही. एक टन खडकात ते सरासरी जेमतेम दीड ग्रॅम असते. तोळाभर सोने हवे असेल तर सुमारे आठ टन खडक फोडून दळावा लागणार, आणि त्या आठ टनांपर्यंत पोहोचण्यासाठी वरचा निरुपयोगी खडक उपसावा लागणार तो निराळाच. म्हणून अशी खाण भुयारी नसते. डोंगराचा माथाच पायऱ्यापायऱ्यांनी उतरवीत जावे लागते.

आता उंचीचा विचार करू. ४५०० मीटरांवर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या सुमारे ५७ टक्केच असतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही एकवीस टक्केच राहते. परंतु हवाच विरळ असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक छातीत जाणारा प्राणवायू मात्र जवळजवळ निम्म्यावर येतो. यंत्रांनाही श्वास लागतोच. साध्या डिझेल इंजिनाची शक्ती दर हजार मीटरांमागे सुमारे दहा टक्क्यांनी घटते. म्हणून हवा दाबून आत कोंबणारे पंखे जोडलेली इंजिने घ्यावी लागतात. विरळ हवा विजेच्या मोटारींची उष्णताही नीट वाहून नेत नाही, तेव्हा खाली पुरेशी ठरणारी मोटार वर नेताना एक पायरी मोठी निवडावी लागते. अशा असंख्य बारीकसारीक गोष्टींनी खर्चाचा आकडा फुगत जातो.

माणसाला मात्र मोठे इंजिन बसविता येत नाही. काही आठवडे उंचीवर राहिल्यास रक्तातील तांबड्या पेशी वाढतात आणि शरीर काही अंशी जुळवून घेते. परंतु खाणकामगार तेथे कुटुंबासह वस्ती करीत नाही. काही दिवस वर काम आणि काही दिवस खाली घरी विश्रांती, असा त्याचा क्रम असतो. त्यामुळे शरीर वर जुळते न जुळते तोच पुन्हा खाली यावे लागते. रात्री झोपेत श्वास अडखळतो आणि सकाळी डोके जड होते. अशा अवस्थेत शंभर-दोनशे टनांचा ट्रक अरुंद वळणांवरून चालवावयाचा असतो! यावर जॉन वेस्ट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एक सोपा उपाय पुढे मांडला. निजण्याच्या खोलीतील हवेत प्राणवायूचे प्रमाण एकवीसवरून बावीस टक्के केले, तर शरीराच्या दृष्टीने ती खोली सुमारे ३०० मीटर खाली आल्यासारखी होते. पाच-सहा टक्क्यांची भर घातली की डोंगर जागच्या जागी राहून झोपणारा माणूस तेवढा दीड हजार मीटर खाली उतरतो. मला या साऱ्या विषयात ही युक्ती सर्वांत मनोहर वाटते.

दळलेल्या खडकातून सोने काढण्याची रीत इ. स. १८८७ पासून चालत आलेली आहे. सायनाइडचे अत्यंत सौम्य द्रावण हवेच्या सान्निध्यात सोने व चांदी विरघळविते. पुढे त्या द्रावणात जस्ताची पूड टाकली की जस्त विरघळते व मौल्यवान धातू साक्याच्या रूपाने वेगळे होतात. चांदी विपुल असेल तेथे ही पद्धत विशेष उपयोगी पडते. पास्कुआ-लामाच्या आराखड्यात खडक मुख्यतः चिलीच्या बाजूस फोडावयाचा, सुमारे चार किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून सरकत्या पट्ट्यावरून तो अर्जेंटिनात न्यावयाचा आणि तेथे धातू काढावयाचे अशी योजना होती. त्यासाठी दोन्ही राष्ट्रांनी १९९७ मध्ये खाणकामाविषयी खास करार केला होता. सायनाइड हे जहाल विष आहे, हे सांगावयास नकोच. जवळच्याच वेलादेरो येथील खाणीत २००५ पासून याच रसायनाने सोने काढले जाऊ लागले. तेथे सप्टेंबर २०१५ मध्ये नळावरील एक झडप निकामी झाली आणि दहा लाख लिटरांहून अधिक द्रावण बाहेर पडून नदीत मिसळले.

परंतु खरा वाद पेटला तो पाण्यावरून. पर्वताच्या पश्चिमेस चिलीतील वास्को नदीचे खोरे आहे. पाऊस अत्यल्प, आताकामाचे वाळवंट शेजारीच. तेथील द्राक्षांचे मळे, ऑलिव्हच्या बागा आणि दियागिता या मूळ रहिवाशांची शेती यांचे जीवन माथ्यावरील बर्फावर अवलंबून असते. खाणीच्या जागेलगत तोरो-१, तोरो-२ आणि एस्पेरान्सा या लहान हिमनद्या आहेत. बर्फाचा जो भाग खाणीच्या आड येईल तो यंत्रांनी खणून दुसऱ्या हिमनदीवर नेऊन ठेवावा, असा प्रस्ताव प्रारंभी मांडण्यात आला होता. धान्याची पोती एका कोठारातून दुसऱ्या कोठारात हलवावी तसा हा प्रकार! खोऱ्यातील शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि २००६ मध्ये हिमनद्यांना हात न लावण्याच्या अटीवरच चिलीने संमती दिली. बर्फ न हलवताही त्यास धोका पोहोचतोच, हे येथे ध्यानात घ्यावे. सुरुंगांची व वाहनांची धूळ बर्फावर बसली की त्याचा शुभ्रपणा जातो, तो अधिक ऊन शोषून घेतो आणि लवकर झिजतो.

दुसरा धोका खडकातच दडलेला असतो. ज्या गंधकयुक्त द्रव्यांनी सोने वर आणले, त्यांनीच पायराइट, म्हणजे लोखंड व गंधक यांचे संयुग, मागे ठेवलेले असते. जमिनीखाली ते निरुपद्रवी राहते. खणून उघड्यावर टाकलेल्या ढिगाऱ्यात हवा व पाणी शिरले की त्यापासून गंधकाम्ल तयार होते आणि ते आम्ल इतर धातू विरघळवून ओढ्यात नेते. म्हणून वरून येणारे स्वच्छ पाणी ढिगाऱ्यास वळसा घालून न्यावयाचे आणि ढिगाऱ्यातून पाझरणारे अडवून शुद्ध करावयाचे, असे पाटांचे दुहेरी जाळे आधी बांधावे लागते.

‘आधी’ या शब्दावरच सारे घोडे अडले. २००९ मध्ये उभारणी सुरू झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज सुमारे ३ अब्ज डॉलर होता. २०१२ मध्ये तो ८ अब्जांच्या पुढे गेला. पाण्याची व्यवस्था पुरी होण्यापूर्वीच वरचा खडक उपसणे चालू झाले होते. एप्रिल २०१३ मध्ये चिलीतील न्यायालयाने काम थांबविले, मे महिन्यात पर्यावरण-नियामकाने सुमारे १ कोटी ६० लाख डॉलरांचा दंड केला, आणि त्याच वर्षी कंपनीने उभारणी स्थगित केली. दरम्यान अर्जेंटिनाने २०१० मध्ये हिमनद्यांच्या रक्षणाचा कायदा केला होता. सप्टेंबर २०२० मध्ये पर्यावरण-न्यायालयाने चिलीच्या बाजूची खाण कायमची बंद करण्याचा निर्णय दिला आणि २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला.

सोने व चांदी जेथे होती तेथेच आहेत. परंतु जो खडक एकदा उपसला गेला, त्यावरचा बर्फ दर वसंतात वितळतो, आणि ते पाणी एस्त्रेचो नदीच्या वाटेने वास्कोच्या मळ्यांकडे उतरते.