मोटारीचा पत्रा आणि घरचे वेल्डिंग मशीन

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला, आणि १९४४ साली त्यांच्याच पुढाकाराने प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे बाहेर पडलेल्या पद्मिनी मोटारीचे उत्पादन थांबून आता बराच काळ लोटला. मुंबईच्या रस्त्यांवरील तिची टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. तरीही वडिलांची ठेव म्हणून ती मोटार घरी जपणारे गृहस्थ अद्याप आहेत, आणि त्यांचा अनुभव असा की यंत्राची दुरुस्ती होते, सुटे भाग खटपट केल्यास मिळतात, परंतु पायाखालचा पत्रा गंजला म्हणजे बाजारातून नवा आणून बसविण्याची सोय उरत नाही. जुना कापून त्या जागी नवा तुकडा जोडणे एवढाच इलाज शिल्लक राहतो. अलीकडच्या मोटारींचे मालकही दहा-पंधरा वर्षांनी याच मुक्कामाला येतात.

सोलापूरची हवा कोरडी, पाऊस बेताचा. त्यामुळे कोकणातील खाऱ्या वाऱ्याने मोटारीची जी दुर्दशा होते ती येथे सहसा होत नाही. येथे गंज धरतो तो विशिष्ट जागी: दाराच्या तळाशी, जेथे पाणी निघून जाण्याची छिद्रे धुळीने बुजतात, आणि पायपुसण्याखाली, जेथे काचेच्या रबरातून झिरपलेले पाणी महिनोन्‌महिने साचून राहते. हे काम हातभर जागेचे असते, आणि ते घरीच करता यावे, या इच्छेने शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीतील हौशी मनुष्य वेल्डिंग मशीनच्या दुकानाची पायरी चढतो.

दुकानात त्याचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, हे मशीन किती अँपिअरचे? दोनशेचे मशीन दीडशेच्या मशीनहून श्रेष्ठ, अशी त्याची समजूत असते आणि विक्रेताही ती दूर करीत नाही. माझ्या मते या खरेदीतील सर्वांत मोठी गफलत हीच होय. मोटारीचा बाह्य पत्रा साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर जाडीचा असतो, तळाचा फार तर एक मिलिमीटरच्या आसपास. अशा पत्र्याला दोनशे अँपिअर कधीच लागत नाहीत. मशीन किती वर जाते, यापेक्षा ते किती खाली उतरते आणि त्या खालच्या मर्यादेवर त्याची ज्योत स्थिर राहते की नाही, याची चौकशी प्रथम केली पाहिजे.

या कसोटीवर निरनिराळ्या पद्धती लावून पाहाव्यात. खिडकीचे गज आणि फाटके जोडणारा कारागीर जी काडी वापरतो, त्या पद्धतीचे इन्व्हर्टर मशीन सर्वांत स्वस्त व हलके. जाड लोखंडाला तिच्यासारखी सोय नाही. परंतु दोन मिलिमीटरची बारीक काडीसुद्धा चाळीस-पन्नास अँपिअर मागते, आणि तेवढ्या उष्णतेने मोटारीच्या पत्र्याला जोड बसण्याऐवजी भोक पडते. जुन्या डेंटरांच्या हातातील गॅस वेल्डिंग हे कौशल्याचे काम खरे, पण त्याची उष्णता पसरून पत्रा वाकतो, आणि ऑक्सिजन व ॲसिटिलीनचे सिलिंडर दाट वस्तीतील घरात ठेवणे हे मला सर्वथा गैर वाटते. टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकावर ज्योत धरण्याच्या पद्धतीने जोड अतिशय सुबक येतो. तथापि ती दोन्ही हातांचा दीर्घ सराव मागते आणि गंजाचा लवलेशही सहन करीत नाही.

उरते ती तारेची पद्धत, जिला गॅरेजमध्ये सरसकट ‘सीओटू’ म्हणतात. हिच्यात बारीक तार मशीनमधून आपोआप सरकत येते, तिच्याभोवती गॅसचे आवरण राहते, आणि चांगल्या यंत्रावर प्रवाह तीस अँपिअरच्या आसपास आणता येतो. घरच्या मोटारीसाठी माझी निःसंदिग्ध शिफारस हिचीच आहे. तार ०.८ मिलिमीटरची, आणि मिळाल्यास ०.६ ची घ्यावी. निव्वळ कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो, पण ठिणग्या फार उडवितो; ऐंशी टक्के आरगॉन आणि वीस टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण पातळ पत्र्यावर अधिक सौम्य चालते. गॅसविना चालणारी, पोटात फ्लक्स भरलेली तारही बाजारात असते. उघड्या अंगणात वाऱ्याने गॅस उडून जातो तेथे ती उपयोगी पडते, परंतु ती अधिक तापते व मळीही ठेवते. सबब पातळ पत्र्यासाठी ती दुय्यमच समजावी. ती वापरण्याचा बेत असल्यास टॉर्चची धन-ऋण जोडणी बदलण्याची सोय यंत्रात आहे याची खात्री करून घ्यावी.

यानंतर घरातील विजेचा विचार. वर्कशॉपमधील तेलाची अवजड मशिने पुष्कळदा दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतात. घरात २३० व्होल्टचा एकच फेज असतो. काडीचे यंत्र दोनशे अँपिअरवर चालविले, तर भिंतीकडून ते तीस अँपिअरहून अधिक ओढील, आणि सोळा अँपिअरचे सॉकेट तेवढे देऊ शकत नाही. याउलट तारेचे यंत्र पत्र्यासाठी पन्नास अँपिअरवर लावले, तर त्याची मागणी एका किलोवॉटच्या आसपास राहते, आणि ती कोणत्याही नीट बांधलेल्या घराला झेपते. जुन्या वाड्यातील वायरिंग मात्र आधी जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावे, अर्थिंग तर अवश्य.

माहितीपत्रकात ‘ड्यूटी सायकल’ म्हणून एक टक्केवारी दिलेली असते. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे त्या प्रवाहावर अखंड काम. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा आकडा ४० अंश सेल्सिअस तापमान गृहीत धरून काढतात, आणि सोलापूरचा वैशाख ती मर्यादा सहज ओलांडतो. म्हणून उन्हाळ्यात काम सकाळी करावे. तसे पाहिले तर मोटारीच्या पत्र्यावर अखंड जोड घालावयाचाच नसतो. एक टाका येथे, दुसरा वीतभर दूर, मध्ये पत्रा निवण्यास अवकाश, अशा रीतीने अंतर भरत न्यावे लागते, अन्यथा पत्रा लाटेसारखा उचलतो. त्यामुळे मोठ्या टक्केवारीसाठी फाजील पैसे मोजण्याचे प्रयोजन नाही. मागांच्या या शहरात हवेतील सुताची कूस मात्र यंत्राच्या पंख्यातून आत ओढली जाते; ती वेळोवेळी झाडावी.

वाचलेले पैसे शिरस्त्राणावर खर्च करावेत. ज्योत पेटताच आपोआप काळी होणारी काच आता परवडण्याजोगी झाली आहे. तिची सावली दहा-अकरा क्रमांकाला लावता आली पाहिजे. अरुंद बोळात जाणारी मुले त्या प्रकाशाकडे कुतूहलाने पाहतात आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. म्हणून भोवती पत्र्याचा आडोसा उभा करावा. घरात सहज सापडणारी सोलापुरी चादर या कामी टांगू नये, कारण ठिणगीने सूत आतल्या आत धुमसत राहते. अंगात कपडे सुती असावेत, हातमोजे चामड्याचे. जस्त चढविलेला पत्रा घासल्याशिवाय तापवू नये. त्याचा धूर ताप आणतो. पेट्रोलची टाकी आणि तिच्या नळ्या काढून दूर ठेवल्याखेरीज तिच्या आसपास ज्योत पेटवूच नये. बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी निकट लावावा.

काही कामे घरची नव्हेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. सीटबेल्ट जेथे अडकतो ती जागा, सस्पेन्शनचे आधार, पुढचे लांब दांडे, आणि नव्या मोटारींतील दारांमधले अतिकठीण पोलादाचे खांब यांवर माणसांचे प्राण अवलंबून असतात, आणि अशा पोलादाचे बळ चुकीच्या उष्णतेने नाहीसे होते. आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम पूर्ण एक वर्षाचा असतो, तो उगीच नव्हे. हौशी माणसाने दारे, तळ आणि चिखलरोधक येथपर्यंतच आपली हद्द मानावी.

खरेदीला जाताना भंगारवाल्याकडून मोटारीच्या जुन्या दाराचा तुकडा घ्यावा, तो चकचकीत होईपर्यंत घासावा, आणि दुकानदाराला किमान प्रवाहावर त्याच तुकड्यावर दोन टाके घालून दाखवावयास सांगावे. भोक न पडता टाके पत्र्याच्या पाठीपर्यंत उतरले, तरच पैसे मोजावेत.