आधी सूज, मग हाड

१९६३ मध्ये २.२८ मीटर उंच उडीचा जागतिक विक्रम आणि पुढच्याच वर्षी टोकियोत ऑलिंपिक सुवर्णपदक. सोव्हिएत संघाचा वालेरी ब्रुमेल ऐन भरात होता. ऑक्टोबर १९६५ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या नडगीचा चुराडा झाला. पाय वाचला, पण हाड काही जुळेना. एकामागून एक शस्त्रक्रिया होऊनही जखम चिघळत राहिली आणि पाय आखूड झाला.

नडगी इतकी हट्टी का? मांडीचं हाड स्नायूंच्या जाड थरात लपेटलेलं असतं. नडगीच्या आतल्या अंगावर बोट ठेवलं, की कातडीखाली थेट हाडच लागतं. घोट्याकडे तर स्नायू संपतात आणि रक्तपुरवठाही तोकडा पडतो. उंचावरून पडलेल्या माणसाच्या नडगीचं खालचं टोक घोट्याच्या हाडावर आदळून फुटतं, सूज चढते, कातडीवर फोड उठतात. अशा कातडीला त्याच दिवशी चीर देऊन प्लेट बसवली, तर जखम मिटत नाही, पू होतो, प्लेट उघडी पडते. अनेक पाय गमावल्यावर अस्थिशल्यचिकित्सकांनी घाई सोडली.

आता पहिल्या दिवशी तुटलेल्या जागेला शक्यतो हात लावत नाहीत. नडगीच्या शाबूत भागात दोन पिना, टाचेच्या हाडातून आरपार एक, आणि त्यांना बाहेरून जोडणाऱ्या सळ्या: हा झाला तात्पुरता फिक्सेटर. पाय ताणून धरला की तुकडे बरेचसे जागेवर येतात. सीटी स्कॅन त्यानंतर काढला तरच चित्र नीट कळतं. साधारण दहा ते चौदा दिवसांनी सूज उतरते, कातडीवर सुरकुत्या दिसतात आणि मग प्लेटची पाळी येते. नातेवाइकांना ही चालढकल वाटते. खरं तर निम्मा उपचार या थांबण्यातच असतो.

काही पायांची कातडी मात्र प्लेट कधीच सोसणार नसते. त्यांच्यासाठी गोल कड्यांची चौकट आहे, आणि ती जन्मली सायबेरियातल्या कुर्गान परिसरात. तिथे खेड्यात डॉक्टरकी केलेल्या गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५०च्या सुमारास हाडातून आरपार बारीक तारा घालून त्या सायकलच्या आऱ्यांसारख्या ताणून कड्यांना बांधल्या. ताणलेली तार वजन पेलते, त्यामुळे रुग्ण पाय टेकून चालू शकतो. चालण्याचा तो दाब हाड जुळायला मदतच करतो. पुढे त्यांना याहून मोठी गोष्ट सापडली. निरोगी जागी हाड कापून दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, दूर सारलं तर मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. आखूड पाय लांब करता येतो तो असा.

ब्रुमेल १९६८ मध्ये त्यांच्याकडे गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरच्या वर उडी मारू लागला. पश्चिमेला तरीही या तंत्राचा फारसा पत्ता नव्हता. नॉर्वेचे संशोधक थोर हायरडाल यांच्या ‘रा’ या समुद्रमोहिमेत सामील झालेला इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी १९८० मध्ये पायाचं जुनं दुखणं घेऊन कुर्गानला गेला आणि बरा होऊन परतला, तेव्हा इटलीतले डॉक्टर चकित झाले. १९८१ मध्ये इलिझारोव्हना इटलीत व्याख्यानाला बोलावणं गेलं. मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी बाहेरून आधार देण्याच्या याच कल्पनेतून हलकी, स्वस्त ‘जेस’ चौकट घडवली. हाताच्या दुखापतींसाठी आणि वाकड्या पावलांच्या मुलांसाठी ती वापरली जाते.

चौकट सुखाची नसते. ती कित्येक महिने पायावर राहते, पायजम्याची शिवण उसवावी लागते, झोपताना कूस बदलणं अवघड होतं. सर्वांत नेहमीची कुरबुर म्हणजे पिनेच्या तोंडाशी होणारा जंतुसंसर्ग. लाली किंवा पाझर वेळेत दिसला तर स्वच्छता आणि अँटिबायोटिक गोळ्या बहुधा पुरतात. तार ढिली झाली असेल तर ती पुन्हा ताणावी किंवा बदलावी लागते.