मर्सेनची यादी : ३८० वर्षांचा पाठलाग

पॅरिसचे धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी १६४४ मध्ये एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत धाडसी दावा केला. २ चा घात घ्यायचा आणि त्यातून १ वजा करायचा. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरांसाठीच उत्तर मूळ संख्या येते, असे त्यांचे म्हणणे. सिद्धता मात्र दिली नव्हती. यादी पूर्ण तपासून व्हायला १९४७ साल उजाडले.

१७७२ मध्ये ऑयलरने ३१ चा निकाल लावला. २१४७४८३६४७ ला अवयव असलाच, तर तो ठरावीक साच्यातलाच असणार, हे दाखवून त्याने भागाकारांचे काम कितीतरी कमी केले. १२७ पुढे ही युक्तीही थिटी पडली, कारण ती संख्या ३९ अंकी!

खरी कमाल एदुआर लुकाची. १८७६ मध्ये त्याने भागाकाराची वाटच सोडली. त्याच्या कसोटीला लेहमरने १९३० मध्ये दिलेले सुटसुटीत रूप शाळकरी मुलांनाही करून पाहता येईल. ३१ म्हणजे २ चा पाचवा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करून २ वजा केले की १४. पुन्हा तेच केले की १९४. त्याला ३१ ने भागल्यावर बाकी ८. आठाचा वर्ग वजा २ म्हणजे ६२, आणि आता बाकी शून्य. तीन पायऱ्यांनंतर, म्हणजे घातांकापेक्षा दोन कमी पायऱ्यांनी, शून्य आले की संख्या मूळ. नाही आले तर नाही. लुकाने १२७ ची संख्या मूळ ठरवली आणि ती ७५ वर्षे सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या राहिली. हातांनी केलेल्या गणिताचा इतका मोठा पराक्रम दुसरा क्वचितच सापडेल.

६७ च्या बाबतीत मर्सेन चुकले हेही लुकाने दाखवले, पण अवयव हाती लागले नव्हते. ते १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले : १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७. एकही शब्द न बोलता त्यांनी फळ्यावर गुणाकार केला आणि सभेने टाळ्यांचा कडकडाट केला, अशी हकिगत गणितज्ञ बेल यांनी सांगितली आहे. यादीत २५७ ही चूक होती. ६१, ८९ आणि १०७ राहून गेले होते.

३० जानेवारी १९५२ रोजी लॉस एंजेलिसच्या स्वॅक संगणकावर राफेल रॉबिन्सन यांच्या प्रोग्रॅमने ५२१ आणि ६०७ हे घातांक एकाच दिवशी पकडले. १९९६ पासून जॉर्ज वोल्टमन यांच्या प्रकल्पात जगभरचे हौशी लोक आपले संगणक या शोधाला लावतात. त्यातूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरँट यांना १३६२७९८४१ हा घातांक मिळाला. ही संख्या ४,१०,२४,३२० अंकी आहे.

दहा कोटी अंकांच्या पहिल्या मूळ संख्येसाठी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने ठेवलेले दीड लाख डॉलरचे बक्षीस अजून कुणालाही मिळालेले नाही.