शेणाच्या कुंड्या: मशीन घेण्याआधी गिऱ्हाईक शोधा



शेणाच्या कुंड्या बनवणाऱ्या मशीनचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. घरी जनावरं आहेत, शेण फुकट आहे, नर्सऱ्या प्लास्टिकला कंटाळल्यात, मग घेऊया मशीन, असं वाटणं साहजिक आहे. पण त्या व्हिडिओत मशीन चालताना दिसतं, माल विकला जाताना दिसत नाही. बँकेत फाइल टाकण्याआधी आपण तो विकण्याचा भाग बघूया.

तुमची स्पर्धा त्या काळ्या पिशवीशी आहे. ती किलोवर मिळते, हजार पिशव्यांचा गठ्ठा मोटरसायकलवर सहज जातो, फुटत नाही, भिजत नाही. तुमची कुंडी पोकळ, जड आणि ठिसूळ. टेम्पो भरतो तो निम्मा हवेनेच! म्हणून साचा असा निवडा की कुंडी तळाशी निमुळती होईल आणि एकात एक बसेल. माझ्या मते सुरुवातीला ३०-४० किलोमीटरच्या पलीकडचं गिऱ्हाईक धरूच नका, भाडं सगळा नफा खाईल.

आता हिशोब. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या भागातले दर टाकून तुम्ही पुन्हा मांडा. समजा दोन माणसं दिवसाला ३०० कुंड्या काढतात, मजुरी ८०० रुपये. वाळताना आणि वाहतुकीत ३० फुटल्या, उरल्या २७०. म्हणजे नुसती मजुरीच कुंडीमागे ३ रुपये. त्यात काथ्या किंवा भुसा, वीज, मशीनचा हप्ता, भाडं धरलं की कुंडी ६ रुपयांपर्यंत जाते. समोर पिशवी समजा १ रुपयाची. शेण फुकट असून ही स्थिती, बरं का!

मग घेणार कोण? बरेच जण आधी शेतकऱ्याकडे जातात. पपई, काकडी, कलिंगड यांच्या मुळांना धक्का चालत नाही, कुंडीसकट लावलं की मूळ हलत नाही, हे खरं आहे. पण एकरी १००० पपईची रोपं धरली तर जादा खर्च झाला ५००० रुपये. समजा त्यामुळे ५० रोपं मरायची वाचली आणि रोप १५ रुपयांचं आहे, तर फायदा ७५० रुपयांचा. पिशव्या फाडायची मजुरी वाचते, ती धरूनही गणित बसत नाही. शेतकरी नाही म्हणाला तर त्याला नावं ठेवू नका, त्याला हिशोब येतो.

कायद्याची वाट बघण्यातही अर्थ नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, स्ट्रॉ, प्लेट, काटे-चमचे वगैरे. त्या यादीत नर्सरीची पिशवी नाही.

पैसे देईल तो किरकोळ ग्राहक. ४०-५० रुपयांची तुळस नेणाऱ्याला ५ रुपये जास्त जड वाटत नाहीत. लग्नात, वाढदिवसाला रोप भेट देणारे, ५ जूनला पर्यावरण दिन साजरा करणाऱ्या शाळा आणि कंपन्या, गच्चीवर बाग करणारे, हे तुमचे खरे गिऱ्हाईक. यांना काळी पिशवी हातात द्यायला बरी वाटत नाही. म्हणून आधी अशा नर्सऱ्या गाठा ज्यांचं किरकोळ काउंटर चालतं. उरुळी कांचनसारख्या ठिकाणी घाऊक माल हलतो, तिथे एकेका पैशावर घासाघीस होते, नवख्याने तिथून सुरुवात करू नये.

सीझन नीट समजून घ्या. ताज्या शेणात साधारण ८० टक्के पाणी असतं, म्हणून पावसाळ्यात कुंडी वाळत नाही, बुरशी धरते. आणि जूनमध्ये विकायची झाडं नर्सरीवाला त्याच्या कितीतरी आधी भरून ठेवतो. म्हणजे तुमचं उत्पादन दिवाळीनंतर सुरू व्हायला हवं आणि उन्हाळा संपण्याआधी विकून व्हायला हवं. पावसाळ्याचे चार महिने हप्ता कुठून भरणार, हे आजच वहीत लिहा. पीएमईजीपीत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती अशा विशेष गटांना ३५ टक्के अनुदान आहे, पण ती रक्कम तीन वर्षं बँकेतच अडकून राहते. ती खेळतं भांडवल म्हणून वापरता येत नाही.

एक टीप जाताजाता. कोणी "बायो" म्हणून प्लास्टिकसारखीच पिशवी विकायला आला तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कंपोस्टेबलचं प्रमाणपत्र मागा. नसेल तर चहा पाजून परत पाठवा.

मशीनआधी ही चाचणी करा. हाताच्या साच्याने ५० कुंड्या बनवा. शेण थोडं कुजवलेलं घ्या, नाहीतर तणाचं बी आणि हुमणी सोबत जाते. ओळखीच्या नर्सरीत त्यात रोपं लावून रोज पाणी घालत ६० दिवस ठेवा. किती कुंड्या उचलताना हातात फुटल्या ते मोजा. पानं पिवळी पडली का बघा, कारण कच्चा भुसा कुजताना मातीतलं नत्र ओढतो. मग पाच रोपं कुंडीसकट जमिनीत लावा. काठ मातीच्या वर राहू देऊ नका, उघडा काठ वातीसारखा ओलावा बाहेर ओढतो. महिन्याने उकरून बघा, मुळं भिंतीतून बाहेर आली का. आली नसतील तर मिश्रणात काथ्या वाढवा, माती कमी करा आणि पुन्हा ५० बनवा. आली असतील तर त्याच नर्सरीवाल्याकडे २०० कुंड्यांची ऑर्डर मागा, निम्मे पैसे आगाऊ घेऊन.