शब्दकोड्यातली गुलछडी

रविवारी नाश्ता झाला की आमच्या घरी वर्तमानपत्राची पुरवणी चटईवर पसरते. मुले शब्दकोडे सोडवतात आणि आम्ही चहा पिता पिता मध्ये तोंड घालतो. मुलांच्या दादी मात्र लांब पलंगावर बसायच्या. "तुमचं पुस्तकातलं मराठी मला कुठलं येतंय," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

एकदा आडव्या शब्दांत 'रात्री दरवळणारे पांढरे फूल' हवे होते, चार अक्षरे. धाकट्याने पेनाने 'निशिगंध' लिहूनही टाकले. त्यातल्या दुसऱ्या घरातून खाली तीन अक्षरांचा उभा शब्द निघत होता, 'पाकळ्या आहेत, पण फूल नाही'. लसूण! स्वयंपाकघरातूनच आवाज आला. पण मग 'शि'च्या जागी 'ल' कसा बसणार? "अरे, गुलछडी लिही की," दादी पलंगावरूनच म्हणाल्या. फूल तेच, अक्षरेही चारच.

त्या दिवसापासून फुलांची कोडी त्यांच्याकडे जाऊ लागली. फारसीत 'गुल' म्हणजे फूल. गुलबक्षी, गुलमोहर, गुलकंद, सगळीकडे तोच शब्द. 'आब' म्हणजे पाणी, म्हणून फारसीत 'गुलाब' हे गुलाबपाण्याचे नाव. मराठीत ते फुलालाच चिकटले. शाळेच्या पुस्तकात गुलाब शुद्ध मराठी आणि दादींची गुलछडी तेवढी परकी, असे कसे?

कोड्यांना झाडापेडांचे वेड पहिल्यापासूनच दिसते. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आले. त्यातही एका ताडाच्या जातीच्या झाडाच्या धाग्याचे नाव विचारले होते. मराठीत जाई, जुई, ओवा, शेपू ही दोन अक्षरी मंडळी कोडे रचणाऱ्याच्या फार उपयोगी पडतात. सब्जाही त्यातलाच, कारण जोडाक्षराला एकच घर लागते. मुलांना सब्जा फालुद्यातल्या बियांपुरता माहीत. दादींना तो कबरीवर लावायचे सुवासिक रोप म्हणून आधी आठवतो. त्यालाच रेहान म्हणतात. सूरह रहमानमध्ये 'रैहान' शब्द येतो तो सुगंधी वनस्पतीसाठी.

पण एका नावावर आम्ही अजून अडतो, 'काळे जिरे'. कोणाच्या घरी ते शहाजिरे, कोणाकडे कलौंजी, तर कोणी कडू जिऱ्यालाच काळे जिरे म्हणतात. हे कडू जिरे जंतांवरचे जुने औषध. चवीला जहर कडू, मसाल्यात घालायची वस्तू नव्हे. कलौंजीला कांद्याचे बी म्हणतात तेही चूक. दिसायला दोन्ही सारखी, पण झाडे अगदी वेगळी. कोड्यात नाव चुकले तर खोडून पुन्हा लिहिता येते. आम्ही मात्र एकदा दुकानातून 'काळे जिरे' मागून आणले, लोणच्यात घातले आणि अख्खी बरणी फेकून दिली. हदीसमध्ये काळ्या दाण्याचा उल्लेख असल्याने कलौंजी आपल्याकडे औषध म्हणूनही घेतली जाते, तेव्हा तर नावाचा असा घोळ परवडणारच नाही.

आता यादीत आम्ही 'कलौंजी' असेच लिहितो. पुडी घरी आली की दादी दोन-चार दाणे बोटांनी चुरडून वास घेतात, आणि मगच डबा उघडायला सांगतात.