आठ फुटांवर थांबलेला चेंडू

१९३८ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात, शॉनी इथल्या मैदानावर पीजीए चॅम्पियनशिप या गोल्फ स्पर्धेचा अंतिम सामना झाला. एका बाजूला सॅम स्नीड. सव्वीस वर्षांचा, धिप्पाड, त्या काळी सगळ्यात लांब फटका मारणाऱ्यांपैकी एक. समोर पॉल रनियन, अंगाने अगदी किरकोळ. त्याचं टोपणनाव 'लिटल पॉयझन', म्हणजे विषाची बारकी पुडीच. पहिला फटका मारून दोघं चालू लागले, की रनियन आपल्या चेंडूपाशी थांबायचा आणि स्नीड कितीतरी यार्ड पुढे चालत जायचा. सामना छत्तीस होलांचा होता. तो एकोणतिसाव्या होललाच संपला. रनियन आठ होलांनी पुढे आणि खेळायचे उरलेले फक्त सात. स्नीडने ते सगळे जिंकले असते तरी उपयोग नव्हता.

रनियनने हे साधलं ते ग्रीनवर आणि ग्रीनच्या अलीकडच्या वीस-तीस पावलांत. त्या पावलांची नेमकी किंमत किती, हे आकड्यात सांगायला मात्र माणसाला पुढची सत्तर वर्षं लागली. चेंडू बारका, होल बारकं, फटका तर सगळ्यात बारका, आणि तो मोजायला एवढा काळ! मला याचं आश्चर्य अजून ओसरत नाही.

गोल्फ न पाहिलेल्यांसाठी आधी जागा समजून घेऊ. ग्रीन म्हणजे होलाभोवतीची गालिच्यासारखी कापलेली हिरवळ. चेंडू तिथवर पोचता पोचता राहिला, काठाबाहेरच्या जरा वाढलेल्या गवतात पडला, की जो छोटा फटका मारतात तो चिप. चेंडू थोडा उडतो, ग्रीनवर टप्पा घेतो आणि उरलेलं अंतर घरंगळत जातो. गोट्या खेळलेल्या माणसाच्या हाताला हे आपोआप आठवेल. गोटी उंचावरून थेट गलीत टाकण्यापेक्षा अलीकडे टेकवून घरंगळवत नेणं जास्त भरवशाचं असतं. हवेत चेंडू कसा वागेल ते हातावर असतं, जमिनीवर कसा वागेल ते जमिनीवर; आणि कापलेली हिरवळ ही मनगटापेक्षा विश्वासू असते.

उडणं किती आणि घरंगळणं किती, याचा एक सुंदर हिशोब जुन्या गोल्फरांनी बसवला आहे. लोखंडी काठ्यांना, म्हणजे आयर्नना, नंबर असतात. बारातून काठीचा नंबर वजा करा. चेंडू जेवढा उडेल त्याच्या तितके पट तो सपाट ग्रीनवर घरंगळेल. होल बारा पावलांवर असेल आणि हातात नऊ नंबर असेल, तर तीन पट: तीन पावलं हवेत, नऊ जमिनीवर. सात नंबर घेतला तर पाच पट: दोन पावलं हवेत, दहा जमिनीवर. पिचिंग वेज या जास्त कलाच्या काठीला दहा नंबर धरतात, म्हणजे चार पावलं आणि आठ. झोका तोच, फक्त काठी बदलायची. पात्याचा कल जितका जास्त तितका चेंडू उंच चढतो आणि खाली आल्यावर लवकर थांबतो, एवढंच या वजाबाकीमागचं भौतिकशास्त्र.

ग्रीन सपाट नसली, ओली असली, उताराची असली की हा हिशोब हलतो. मग ग्रीनचा वेगही मोजायला हवा, आणि तो मोजण्याचं यंत्र इतकं साधं आहे की पाहून प्रेमात पडावं. १९३५ ची यूएस ओपन गोल्फ स्पर्धा ओकमाँटला झाली. तिथल्या ग्रीन काचेसारख्या गुळगुळीत. नामवंत खेळाडू जीन सॅराझेनचा एक चेंडू ग्रीनवरून घरंगळत थेट बाहेर गेला, आणि ते पाहणाऱ्या एडवर्ड स्टिम्प्सन या हौशी गोल्फरने एक खाचेची लाकडी पट्टी तयार केली, असं सांगतात. आज ती ॲल्युमिनियमची असते, सुमारे तीन फूट लांब. वरच्या टोकाजवळच्या खोबणीत चेंडू ठेवायचा आणि ते टोक हळूहळू उचलायचं. पट्टी साधारण वीस अंशांवर आली की चेंडू आपसूक सुटतो. तो ग्रीनवर जितके फूट जाईल, तो त्या ग्रीनचा वेग. नेहमीच्या क्लबात आठ-नऊ, मोठ्या स्पर्धांत बारा किंवा त्याहूनही वर. आठच्या ग्रीनवर घोटवलेली चिप बाराच्या ग्रीनवर होल ओलांडून पार पलीकडे जाते. त्यामुळे ज्याने सराव एकाच ग्रीनवर केला, त्याने अर्धी ग्रीनच पाठ केलेली असते.

आता पात्यापाशी येऊ. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही, वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे त्याचं केंद्र जमिनीपासून सुमारे एकवीस मिलिमीटरवर, दोन बोटांच्या जाडीपेक्षाही खाली. नवशिक्याला वाटतं, चेंडू वर जायला हवा तर तो खालून उचलावा. तो मनगटाने उचलायला जातो. पातं मग एकतर चेंडूमागच्या मातीत रुतून बसतं, नाहीतर वर येता येता त्याची धार चेंडूच्या पोटावर आदळते आणि चेंडू जमिनीलगत सुसाट सुटून ग्रीनच्या पलीकडे जातो. या दोन आपत्तींमधलं अंतर काही मिलिमीटरांचं. उचलायचं काम पात्याच्या कलानेच आधी करून ठेवलेलं असतं. हाताने फक्त किंचित खालच्या दिशेने जायचं. पातं आणि चेंडू एकमेकांना भेटतात तो वेळ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका. तेवढ्यात पात्याशी होणारं घर्षण चेंडूला उलटी फिरकी देतं. गवत ओलं असेल तर पाणी आणि पानांचा रस मधे येतो, घर्षण घटतं, फिरकी कमी पडते आणि चेंडू अंदाजापेक्षा लांब घरंगळतो. पावसात गाडीच्या टायरला जे काम असतं तेच इथे पात्यावरच्या बारीक खाचांना असतं: मधलं पाणी बाजूला सारायचं. ग्रीनवरून चेंडू होलाकडे घरंगळवायचा फटका म्हणजे पट. रनियन तर चिप जवळजवळ पटसारखीच मारायचा, मनगटं शांत ठेवून. जिथे चूक मिलिमीटरांत मोजायची, तिथे हलणारे सांधे जितके कमी तितकं बरं.

आता मोजणीचा प्रश्न. समजा कुणी महिनाभर रोज संध्याकाळी चिपचा सराव करतो. सुधारणा झाली हे त्याला कसं कळावं?

जुना उपाय असा: ग्रीनबाहेरून दोन फटक्यांत चेंडू होलात गेला की यश, नाही तर अपयश. सोपं आहे, आणि फसवं आहे. चिप बारा फुटांवर राहिली आणि पट लागला, तर यश. चिप दोन फुटांवर आली आणि पट चुकला, तर अपयश. कौतुक पटचं आणि शिक्षा चिपला. त्यात योगायोगाचा खेळ आहेच. ज्या माणसाला दहातून सरासरी चार वेळा हे जमतं, त्याने दहा चेंडू मारले की सहा वा जास्त यशं मिळण्याची शक्यता सुमारे सहात एक आहे. दोन वा कमी मिळण्याचीही तेवढीच. शनिवारी सहा, रविवारी दोन. शनिवारी तो पेढे वाटेल, रविवारी काठ्या माळ्यावर टाकेल, आणि त्याच्या हातात मात्र काडीचाही फरक पडलेला नसेल. शंभर चेंडू मारले तर हा हेलकावा चाळीसच्या अलीकडे-पलीकडे पाच-दहावर येतो. चाळीसचे खरोखर पन्नास झाले का, हे ठामपणे सांगायला आधीचे शंभर आणि नंतरचे शंभर असे दोनशे चेंडूही अपुरेच पडतात.

यातून सुटका हो-नाही सोडून फूट मोजण्यात आहे. प्रत्येक चिप होलापासून किती अंतरावर थांबली ते टेपने किंवा पावलांनी मोजायचं आणि वहीत लिहायचं. 'जमलं' या एका शब्दापेक्षा 'साडेचार फूट' या दोन शब्दांत कितीतरी जास्त माहिती असते. पुढे सरासरी काढू नये. मधला आकडा घ्यावा. एकवीस आकडे लहान-मोठे लावून अगदी मधोमध येतो तो. पोटावर बसलेला एखादा फटका साठ फूट पलीकडे गेला की सरासरी बिघडते, मधला आकडा जागचा हलत नाही. आणि ते साठ फूट झाकू नयेत, वेगळे लिहावेत. असे फटके महिन्याला किती कमी झाले, ही सुधारणेची दुसरी खूण, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा मोलाची.

पण फुटांची किंमत फटक्यांत किती? इथे मार्क ब्रॉडी येतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले हे प्राध्यापक. त्यांचं मूळ क्षेत्र वित्तव्यवहारांचं गणित. अमेरिकेच्या पीजीए टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेत प्रत्येक खेळाडूचा प्रत्येक चेंडू कुठून निघाला आणि कुठे थांबला हे मोजून ठेवलं जातं. त्या लाखो नोंदींमधून ब्रॉडींनी एक तक्ता मांडला: अमुक ठिकाणी असलेला चेंडू होलात घालायला या खेळाडूंना सरासरी किती फटके लागतात. वीस यार्डांवर नीट कापलेल्या गवतात असेल तर २.४०. वाढलेल्या गवतात असेल तर २.५९. ग्रीनवर आठ फुटांवर असेल तर १.५०, कारण जगातले हे अव्वल खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून निम्म्याच वेळा पहिल्या प्रयत्नात होलात घालतात. पाच फुटांवर १.२३. तीन फुटांवर १.०४.

आता वजाबाकी करू. कापलेल्या गवतातून, वीस यार्डांवरून चिप मारली आणि चेंडू आठ फुटांवर थांबला. आधी २.४० उरले होते, आता १.५० उरले. कमी झाले ०.९०, खर्च झाला पूर्ण एक. म्हणजे प्रेक्षकांनी टाळ्या वाजवलेल्या त्या फटक्यात खेळाडूने एक दशांश फटका गमावला. तोच चेंडू वाढलेल्या गवतातून त्याच आठ फुटांवर आला असता तर त्याने ०.०९ कमावला असता. हात तोच, आठ फूट तेच, पण गवताची उंची बदलली आणि नफा-तोट्याचं चिन्ह उलटलं. कापलेल्या गवतातून पाच फुटांवर आणला तर ०.१७ चा नफा, तीन फुटांवर आणला तर ०.३६ चा. या आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसलो होतो. पट चुकला की लागला, याचा चिपच्या गुणांशी आता काही संबंध उरला नाही. ज्याचं त्याच्या पदरात.

पीजीए टूरने २०११ मध्ये ही मोजणी आधी पटसाठी स्वीकारली. नंतर ग्रीनच्या काठापासून तीस यार्डांच्या आतल्या फटक्यांचाही वेगळा हिशोब सुरू झाला. आणि या मोजणीने एक धक्काही दिला. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा पुढे का राहतात, याचं सगळ्यात मोठं कारण निघालं ग्रीनकडे येणारे लांबचे फटके, सुमारे ४० टक्के. छोट्या खेळाचा, म्हणजे चिपसारख्या फटक्यांचा, वाटा १७ टक्के, पटचा १५. छोटा खेळच सामने जिंकून देतो ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत निदान सरासरीपुरती चुकीची ठरली. मग शॉनीचं काय? सरासरी ही पुष्कळ माणसांची असते. रनियन एकटा होता. जे सगळ्यांना थोडंफार येतं ते एखाद्याला अफाट येत असेल, तर त्याच्यापुरता सतरा टक्क्यांचा नियम लागू पडत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, बेंगळुरूची अदिती अशोक चौथी आली. तिचे पहिले फटके त्या मैदानावरच्या सगळ्यात आखूड फटक्यांमधले होते, आणि तरी चार दिवसांच्या बहात्तर होलांनंतर तिचं पदक हुकलं ते एका फटक्याने. ०.१० आणि ०.१७ असे तुकडे साचत साचत त्या एका फटक्यापाशी येतात.

सरावाबद्दल शास्त्राने सांगितलेली एक गोष्ट अंगवळणी पडायला अवघड आहे. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या काही ठरावीक हालचाली लोकांना शिकवल्या. एका गटाने एक हालचाल घोटून मग दुसरी घेतली. दुसऱ्या गटाने त्या मिसळून, क्रम न ठरवता केल्या. सरावाच्या वेळी पहिला गट सरस होता. दहा दिवसांनी पुन्हा पाहिलं तेव्हा दुसरा गट पुढे गेला होता. चिपलाही हेच लागू पडावं असं मला वाटतं. एका जागेवरून ओळीने पन्नास चेंडू मारले की तिसाव्या चेंडूला हात बसतो आणि मन सुखावतं. पण सामन्यात त्या जागेवरून चेंडू एकदाच मारायचा असतो. त्यापेक्षा एकच चेंडू घ्यावा, ग्रीनभोवतीच्या नऊ वेगळ्या जागांवरून एकेक चिप मारावी आणि प्रत्येक वेळी पट घालून ती संपवावी. प्रत्येकी दोन फटके धरले तर बेरीज अठरा. पहिल्या दिवशी पंचवीस येतील. ते वहीत तारखेसह लिहावेत.

चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबशेजारच्या वस्तीतल्या, कॅडीचं काम करणाऱ्या पोरांनी बांधकामाच्या लोखंडी सळया वाकवून काठ्या केल्या, प्लॅस्टिकचे चेंडू घेतले आणि गल्लीबोळांत गोल्फ मांडला. गल्लीत लांब फटक्याला जागा नाही. भिंत, पायरी, गटाराची कड, कुणाचं तरी दार. प्रत्येक चेंडू नव्या जागेवरून, नव्या उंचीने. एकही जागा दुसऱ्यासारखी नाही, म्हणजे मिसळलेला सराव त्यांच्या वाट्याला आपसूकच आला.

शेवटी एक चेंडू. १९८७, ऑगस्टा, मास्टर्स. बरोबरी सुटण्यासाठी जादा होल चाललेले, ग्रेग नॉर्मनचा चेंडू अकराव्या ग्रीनच्या काठावर. त्याचा प्रतिस्पर्धी लॅरी माइझ याच गावात जन्मलेला. लहानपणी त्याने याच स्पर्धेत गुणफलकावर आकडे लावण्याचं काम केलं होतं. त्याचा चेंडू ग्रीनच्या उजवीकडे, होलापासून सुमारे १४० फुटांवर. त्याने वेज घेतला, चेंडू ग्रीनच्या अलीकडेच टेकवला. चेंडू उसळत काठावर चढला, ग्रीनच्या उताराला लागला, घरंगळत राहिला, आणि होलात गेला. आजच्या तक्त्यात तेवढ्या अंतराला सुमारे २.६ फटके लिहिलेले असतात. उरले शून्य, खर्च झाला एक. म्हणजे एका झोक्यात १.६ ची कमाई. माइझ उड्या मारत ग्रीनवर धावत सुटला. नॉर्मनला अजून आपला पट मारायचा होता.